रोजचा बाराशे टन कचरा येतो तरी कुठून? नागपूरकरांसाठी सोप्या भाषेत

दर दोन-चार महिन्यांनी पेपरात एक बातमी ठरलेली असते. शहराच्या डम्पिंग यार्डात, म्हणजे भांडेवाडीत, जागा उरली नाही, शहराचा कचरा वाढला, मनपा आता दंड करणार. उन्हाळा असला तर सोबत डम्पिंग यार्डला लागलेल्या आगीचा फोटो. मग पानठेल्यावर चर्चा रंगते, एक म्हणतो लोकांनाच अक्कल नाही, दुसरा म्हणतो गाडीच येत नाही तर लोकं काय करतील, तिसरा बाहेरगावाहून आलेल्यांवर घसरतो, आणि या सगळ्यात एक साधा प्रश्न राहूनच जातो की राजेहो, हा कचरा एवढाच काऊन होतो? शेजारच्या घरात आपल्याएवढीच माणसं असून त्यांचा डबा अर्धाच का भरतो आणि मे महिन्यात आपलाच डबा दुप्पट का होतो?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कचरा किती होणार हे तो डब्यात पडायच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. घरात माणसं किती, कमाई किती, भाजी कुठे साफ झाली, दुकानदारानं माल कशात बांधून दिला, कबाडी काय घेतो आणि काय परत करतो, महिना कोणता चालू आहे, यावर ते ठरतं. शिस्त, सवय, संस्कार वगैरे नंतर येतात. पण आपली बहुतेक भांडणं त्या नंतरच्याच गोष्टींवर होतात.

आधी तो आकडा नीट पाहू

नागपूरच्या कचऱ्याचा आकडा बातम्यांत रोजचा साधारण बाराशे-तेराशे टन असा येतो. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाख होती, आज अंदाजे ३० लाख धरू. बाराशे टन म्हणजे १२ लाख किलो, भागिले ३० लाख, म्हणजे माणशी ४०० ग्रॅम. याला दरडोई कचरा म्हणतात, एका माणसामागे एका दिवसाचा कचरा. लेखात पुढे एवढा एकच शब्द लागेल.

जगाशी ताडून पाहायचं तर जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालात २०१६ सालचा हिशोब आहे, जगाचा शहरी-घरगुती कचरा वर्षाला २०१ कोटी टन आणि दरडोई सरासरी रोजची ७४० ग्रॅम. पण सरासरी फसवी असते, कारण देशादेशांत हा आकडा ११० ग्रॅमपासून साडेचार किलोपर्यंत जातो, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाळीस पट फरक. माणसाचं पोट काही चाळीस पट मोठं नसतं, त्यामुळे फरक खाण्यात कमी आणि बाकीच्या गोष्टींत जास्त आहे हे इथेच कळतं.

आता यातली गोम. बाराशे टन हा झालेला कचरा नाहीये, तो वजनकाट्यावर पोचलेला कचरा आहे. या दोन्हींत बराच फरक असतो. समजा तुम्ही घराचा महिन्याचा खर्च नुसत्या यूपीआयच्या स्टेटमेंटवरून काढला, तर भाजीवालीला दिलेली रोकड त्यात दिसणारच नाही, आणि मित्राच्या तिकिटाचे भरलेले पैसे, जे त्यानं रोखीत परत केले, ते मात्र तुमच्या खर्चात दिसतील. कचऱ्याचंही तसंच होतं. शिळी पोळी गाईला गेली ती काट्यावर नाही, रद्दी कबाडीकडे गेली ती नाही, पानगळीचा ढीग कोपऱ्यात पेटवला तो नाही, लेआउटमधल्या खाली, म्हणजे रिकाम्या, प्लॉटवर भिरकावलेली पिशवी नाही आणि नाल्यात गेलेलीही नाही. उलट रस्ता झाडताना आलेली माती आहे, घराचं काम काढलं तेव्हा गुपचूप गाडीत सरकवलेल्या चार घमेली मलब्याचं वजन आहे, आणि जुलैत भिजलेल्या कचऱ्यातलं पाणीसुद्धा आहे. मलब्याचे नियम कागदावर वेगळे आहेत, २०१६ पासूनच आहेत, पण एखाद्या विटेच्या तुकड्याला ते कुठे माहीत असतं. जिथे कुठे कचरा उचलणाऱ्याला टनामागे पैसे मोजले जातात तिथे माती वेगळी काढायची घाई कोणाला असणार, हेही लक्षात ठेवा.

म्हणून 'कचरा वाढला' असं वाचलं की लगेच डोक्याला हात लावायचा नाही. एखाद्या नव्या लेआउटमध्ये गाडी नियमित जायला लागली, की तिथला कचरा जो आधी खाली प्लॉटवर पडत होता किंवा जळत होता तो आता मोजला जातो, लोकांनी एक कणही जास्त टाकलेला नसताना आकडा चढतो. ती खरं तर चांगली बातमी असते.

पैसा आला की कचरा येतो, पण सगळ्या प्रकारचा नाही

कमाई वाढली की कचरा वाढतो हे जवळपास सगळ्या देशांत दिसतं. जागतिक बँकेच्या त्याच अहवालात श्रीमंत देशांत जगातली १६ टक्के माणसं राहतात आणि जगाचा ३४ टक्के कचरा करतात. मजा म्हणजे वाढीचा वेग सगळीकडे सारखा नसतो, आधीच श्रीमंत असलेल्याला आणखी पगारवाढ मिळाली तर त्याच्या डब्यात फार फरक पडत नाही, पण खालच्या पायऱ्यांवरून मधल्या पायरीवर चढणाऱ्याच्या डब्यात पडतो. आणि आपल्या शहरात आत्ता चढणारेच जास्त आहेत.

नेमकं काय वाढतं ते पाहायला दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या किराण्याची यादी आठवा. डाळ, तांदूळ सुटे, तेल घरून नेलेल्या डब्यात, साबण कागदात. आज त्याच यादीतली प्रत्येक वस्तू सीलबंद पाकिटात येते, वर ते पाकीट एका पिशवीत, आणि दहा मिनिटात घरपोच मागवलं तर पिशवीच्या बाहेर आणखी एक पिशवी. छत्री दुरुस्त करणारा शोधेपर्यंत नवीन छत्री दारात. मिक्सरचं भांडं गेलं तर आधी इतवारीत जाऊन वेल्डिंग करून आणायचे, आता एवढा वेळ कोणाकडे आहे.

म्हणून कमाई वाढली की सुका कचरा फुगतो. गरीब देशांच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त भाग खरकटं, सालटी, पालापाचोळा असतो, श्रीमंत देशांत तो एक तृतीयांशाच्या आसपास येतो. तिथली माणसं भाजी कमी सोलतात असं नाही, बाकीचा ढीग एवढा वाढतो की सालटी त्यात हरवून जातात.

आणि आता एक गोष्ट जी मला स्वतःला वाचून खटकली होती. अन्न वाया घालवणं ही श्रीमंतांची खोड, असं आपण धरून चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अन्न-नासाडीचा अहवाल सांगतो की घरात वाया जाणाऱ्या अन्नात श्रीमंत आणि मध्यम कमाईच्या देशांमध्ये माणशी वर्षाला सरासरी ७ किलोचाच फरक आहे. भारताचा घरगुती आकडा माणशी वर्षाला ५५ किलो धरलाय, म्हणजे रोजचे दीडशे ग्रॅम, यात सालटी-हाडंही आली. त्याच अहवालात असंही दिसतं की उष्ण देशांतल्या घरांत अन्न जास्त वाया जातं, कारण ताजी फळं-भाज्या जास्त, त्यांच्या साली-देठं जास्त, आणि थंड ठेवायची सोय शेतापासून ताटापर्यंत सलग नाही. मे महिन्यात ४५ डिग्रीत ज्यानं सकाळची भाजी दुपारी आंबलेली पाहिली आहे त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. लाइट बराच वेळ गेली की फ्रिजमधलं सामानही कचऱ्याच्या रांगेत उभं असतं.

"पण गरीब वस्तीतच तर जास्त कचरा दिसतो"

दिसतो हे खरं. पण दिसणं आणि होणं वेगळं. झोपडपट्टीतल्या घरात दिवसाला जेवढा कचरा होतो तो फ्लॅट स्कीममधल्या घराच्या मानानं बहुतेक वेळा कमीच असतो, कारण मुळात विकत घेतलेल्या वस्तू कमी, पाकिटं लहान, आणि विकता येईल असं काही टाकून द्यायची चैन परवडत नाही. पण गल्लीत गाडी शिरत नाही, घरात डबा ठेवायला जागा नाही, म्हणून जो होतो तो सगळा उघड्यावर दिसतो. सोसायटीचा कचरा सकाळी सातला गेटच्या आतल्या निळ्या-हिरव्या ड्रममधून गाडीत जातो, कोणाच्या नजरेस पडत नाही. सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्याच्या बागेतून फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत जेवढा पालापाचोळा निघतो तेवढा तर छोट्या घराचा महिन्याचा कचरा होत नसेल, पण त्याला कोणी घाण म्हणत नाही.

छोट्या पाकिटांचं मात्र एक आहे. रोजच्या रोज कमावणारा माणूस शाम्पूची बाटली घेत नाही, एक-दोन रुपयांचं पाऊच घेतो, तेवढ्याच शाम्पूसाठी त्याच्या वाट्याला पॅकिंग जास्त येतं, आणि ते पाऊच कोणी कबाडी घेत नाही. हा कंपन्यांनी ठरवलेला कचरा आहे, पण शिव्या वस्तीला पडतात.

घरात माणसं कमी, डबा मोठा

एकत्र कुटुंबात माणशी कचरा कमी आणि एकट्या-दुकट्याच्या घरात माणशी जास्त, हेही बहुतेक ठिकाणी सारखंच सापडतं. कारण साधं आहे. आठ माणसांना एक फुलकोबी एका जेवणात संपते, दोघांना तीच फुलकोबी चार दिवस पुरते आणि तिसऱ्या दिवशी काळी पडते. पाच किलो कणकेची एक पिशवी आठ जणांत वाटली जाते, एक-एक किलोच्या पाच पिशव्या पाच घरांत. पेपर एकच, झाडू एकच, फिनाइलची बाटली एकच. शिवाय मोठ्या घरात उरलेलं खपवणारं कोणीतरी असतंच, रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा, भाताला फोडणी. एकटा राहणारा पोरगा उरलेल्या भाताचं काही करत नाही, तो पार्सल मागवतो, आणि एका माणसाच्या पार्सलमध्ये डबे किती ते मोजा, भाजीचा एक, डाळीचा एक, भाताचा एक, कांदा-लिंबाची पुडी, प्लास्टिकचा चमचा, वर कागदी पिशवी.

नागपुरात हे दोन्ही टोकांनी चाललंय. पोरं पुणे-हैदराबादला नोकरीला, इकडे धरमपेठ-त्रिमूर्तीनगरच्या मोठ्या घरात आई-बाबा दोघंच. आणि बाहेरगावची पोरं इथे कॉलेज, क्लासेस, मिहानच्या नोकऱ्यांसाठी रूम करून. म्हणजे उद्या लोकसंख्या एका माणसानंही वाढली नाही तरी घरांची संख्या वाढत जाणार आणि तिच्या मागून कचराही. नुसती लोकसंख्या मोजून गाड्या किती लागतील हे ठरवणारे नेमके इथेच फसतात.

भाजी कुठे साफ झाली?

जानेवारीत आमच्या घरी तुरीच्या शेंगा येतात. दुपारभर सगळे गप्पा मारत सोले काढतात, वाटीभर सोल्यांची आमटी होते आणि मागे टोपलंभर सालटं उरतं. वाटाण्याचंही तेच, जवळपास निम्मं वजन सालटाचं. आता हेच दाणे कोणी सोलून विकत घेतले तर त्याच्या घरी सालटाचा कचरा शून्य, पण सालटं काही हवेत विरली नाहीत, ती बाजारात राहिली. फ्रोजन वाटाण्याचं पाकीट आणलं तर सालटं कारखान्यात, घरात फक्त एक प्लास्टिकची पन्नी.

म्हणजे घरगुती कचरा आणि व्यापारी कचरा यांची हद्द अशी सरकत असते. कळमन्याच्या ठोक बाजारात फुलकोबी पानांसकट येते, मुळा पाल्यासकट, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या मातीसकट. शेतकऱ्याला माल ताजा दिसायला हवा म्हणून तो पाला ठेवतो, अडत्या वरवरचा पाला काढतो, कॉटन मार्केटचा भाजीवाला आणखी थोडा काढतो, उरलेला आपल्या घरी येतो. शेतात काढला असता तर तो पाला जनावरानं खाल्ला असता किंवा खत झाला असता. तसं न होता तो डिझेल जाळून शहरात येतो, आणि परत डिझेल जाळून भांडेवाडीला जातो. संत्र्याच्या हंगामात कळमन्याच्या बाहेर ज्यानं सडक्या संत्र्यांचे ढीग पाहिलेत त्याला कळेल की बाजारपेठेचा कचरा किती असतो आणि तो एकाच ठिकाणी, एकाच प्रकारचा, म्हणजे प्रक्रियेला किती सोपा असतो. इतका सोपा माल मिक्स करून टाकणं यासारखा करंटेपणा नाही.

आणि मग टरबूज. चार किलोच्या टरबुजाची साल दीडेक किलो भरते. एका चौघांच्या घराचा माणशी ४०० ग्रॅमच्या हिशोबानं दिवसाचा कचरा होतो १६०० ग्रॅम, म्हणजे एका टरबुजानं दिवसाचा कोटा संपला. एप्रिल-मेमध्ये गल्लोगल्ली बंडीवर टरबूज, डबा का जड होतो हे वेगळं सांगायला नको.

दुकान, हॉटेल आणि लॉन

शहराच्या कचऱ्यात घरांबरोबर दुकानं, ऑफिस, हॉटेलं, शाळा, मार्केट सगळं येतं, आणि यांचा कचरा किती होणार हे धंद्याच्या प्रकारावर ठरतं. सीताबर्डीच्या कपड्याच्या दुकानातून पुठ्ठा आणि पन्न्या निघतात, वजनाला कमी, जागा मात्र पुष्कळ खातात. तर्री-पोह्याच्या ठेल्यावरून चण्याची उरलेली तर्री, कांद्याची सालटी, आणि कागदी प्लेटा. स्टीलच्या प्लेटा धुवायला पाणी आणि माणूस लागतो, कागदी प्लेट फेकली की झालं, म्हणजे ठेल्याजवळ नळ आहे की नाही यावर सुद्धा कचरा ठरतो. हे कोणी लक्षात घेत नाही.

लग्नाच्या लॉनबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण तिथे जे होतं ते पाहण्यासारखं आहे. दाट मुहूर्ताच्या दिवशी वर्धा रोडपासून कोराडी रोडपर्यंत सगळी लॉनं बुक. आपल्यासारख्या माणसाकडे त्या एका संध्याकाळच्या तीन पत्रिका असतात. तो तिन्ही ठिकाणी जातो, दोन ठिकाणी पाकीट देऊन, फोटो काढून, एक गुलाबजाम तोंडात टाकून निघतो, तिसऱ्या ठिकाणी जेवतो. पण तिन्ही यजमानांनी त्याचं ताट धरलेलं असतं. त्यात बुफेत तीसेक पदार्थ, प्रत्येकाचं थोडं थोडं घ्यायचं म्हणून ताट भरतं, गर्दीमुळे परत रांगेत जायला नको म्हणून आणखी भरतं. केटररला ताटावर पैसे, त्यामुळे कमी बनवून संपलं तर त्याची नाचक्की, जास्त बनवून उरलं तर खर्च यजमानाचा. या सगळ्या साखळीत कोणालाच कमी अन्न बनवण्यात फायदा नाही. इथे 'अन्न पूर्णब्रह्म'चा बोर्ड लावून काही होत नाही, लावलेला असतोच तो बहुतेक ठिकाणी, हात धुवायच्या नळाच्या वर.

कबाडी जे घेतो तो कचरा होत नाही

वस्तू कचरा आहे की माल, हे तिचा भाव ठरवतो. रद्दी, पुठ्ठा, लोखंड, पाण्याच्या बाटल्या यांना भाव आहे म्हणून त्या डब्यात पडतच नाहीत, पडल्या तरी कोणीतरी वेचून काढतो. पुठ्ठ्याचा भाव पडला की कबाडी 'राहू द्या भाऊ, परवडत नाही' म्हणतो आणि तोच पुठ्ठा दुसऱ्या दिवशी कचरागाडीत. लोकांची सवय तीच, घर तेच, पुठ्ठा तोच, बदलला फक्त भाव. रीसायकलिंगचं जे काही आपल्याकडे आजवर चाललं ते मुख्यतः या हिशोबावर आणि कचरा वेचणाऱ्या बायकांच्या मेहनतीवर, त्याचं श्रेय भलतेच लोक घेतात हा भाग वेगळा.

ज्याला भाव नाही ते उरतं. चिप्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं, ज्यांत प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करणं परवडत नाही. आणि आपली खास नागपुरी वस्तू म्हणजे खर्रा पन्नी. पानठेलेवाला सुपारी, तंबाखू, चुना घोटतो, वीतभर पन्नीत बांधून देतो, ती पन्नी खिशातून ओठापर्यंत जाते आणि ओठापासून थेट नालीत.

इथे वजनाचा घोळ समजून घ्या. अशी एक पन्नी ग्रॅमभराची धरली, तरी एक लाख पन्न्या मिळून शंभर किलो, म्हणजे पंचवीस टरबुजं. टनाच्या हिशोबात पन्नी काहीच नाही. पण नाली तुंबते ती टरबुजाच्या सालीनं नाही. राज्याची प्लास्टिकबंदी २०१८ ची, केंद्राची एकदा वापरायच्या प्लास्टिकवरची बंदी १ जुलै २०२२ पासूनची. त्या पूर्ण पाळल्या गेल्या असत्या तरी भांडेवाडीचा टनांचा आकडा फारसा हलला नसता, आणि तरीही त्या पाळायला हव्या होत्या. टन कमी करणं आणि त्रास कमी करणं ही दोन वेगळी कामं आहेत.

महिना कोणता आहे?

टरबूज सांगितलं, पानगळ सांगितली. मार्च-एप्रिलमध्ये कूलर उतरतात, गेल्या वर्षीच्या खारानं कडक झालेल्या गवताच्या ताट्या काढून नव्या बसवतात, प्रत्येक घराच्या तीन-तीन जुन्या ताट्या फाटकाबाहेर. दिवाळीच्या आधी माळा साफ होतो. दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं येतात, शहरभर भोजनदान होतं, तेवढ्या दोन-तीन दिवसांचा कचरा नेहमीच्या सरासरीत बसवायला गेलात तर हिशोब चुकणारच. डिसेंबरात अधिवेशन आलं की हॉटेलं, आमदार निवास, मोर्चे.

आणि एखादी रात्र सगळा हिशोब उधळून लावते. २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. दुसऱ्या दिवसापासून रस्त्याकडेला भिजलेल्या गाद्या, सोफे, पुस्तकं, फुगलेलं फर्निचर, फ्रिज. एका रात्रीत घरंच्या घरं कचऱ्यात जमा झाली. त्या आठवड्याच्या टनांवरून त्या लोकांना कचरा जास्त करणारे म्हणाल का?

"शिस्त लावली की सगळं सुतासारखं सरळ होईल"

ओला-सुका वेगळा करायची शिस्त हवीच, पण तिनं कचरा कमी होत नाही, त्याची वाट बदलते. वेगळा ठेवलेला ओला कचरा खताला जाऊ शकतो, मिक्स झालेला फक्त ढिगावर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालात देशाचा कचरा रोजचा सुमारे १ लाख ६० हजार टन होता आणि त्यातल्या निम्म्यावरच प्रक्रिया झाली. पण आपण वेगळा करून दिला आणि गाडीत डोळ्यांदेखत दोन्ही एकाच कप्प्यात पडला, की घरातली ती शिस्त आठ दिवसही टिकत नाही. यात लोकांना काय दोष द्यायचा.

मोठा डबा दिला तर काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे. डबा मोठा मिळाला की माणूस तो भरतो, हे बाहेरच्या देशांत दिसून आलंय. जागा आहे म्हटल्यावर ते जुनं खोकं कबाडीसाठी कशाला जपून ठेवायचं, टाक त्यात.

"मग वजनावर पैसे लावा"

दक्षिण कोरियानं लावले. १९९५ पासून तिथे कचऱ्यासाठी ठरलेली पिशवीच विकत घ्यावी लागते, पिशवी मोठी तर पैसे जास्त. २००५ पासून खरकटं थेट डम्पिंगला नेणं बंद आणि २०१३ पासून खरकट्याचेही मापानं पैसे, मोठ्या इमारतींत तर कार्ड लावून उघडणारे वजनाचे डबे आहेत. परिणाम झाला यात शंका नाही. आपल्याकडे जिथे शुल्क आहे तिथे बहुतेक ते घरामागे ठरावीक असतं, एक पिशवी टाका नाहीतर चार टाका, म्हणजे कमी करणाऱ्याला काहीच मिळत नाही.

पण उद्या हेच नागपुरात घरोघरी लावलं तर काय होईल हे मला तरी दिसतं. बेसा, मानेवाडा, हुडकेश्वरकडच्या लेआउटांत इतके खाली प्लॉट आहेत की वीस रुपये वाचवायला पिशवी रात्री तिकडे जाईल, नाहीतर नाल्यात. कोरियात नजर ठेवायची आणि दंड वसूल करायची यंत्रणा आहे. शिवाय खालच्या कमाईच्या घराला तो भार जास्त बसेल, ज्याचा कचरा आधीच कमी आहे.

म्हणून माझ्या मते सुरुवात घरापासून करू नये. २०१६ च्या नियमांत रोज शंभर किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक म्हटलं होतं, त्यात हॉटेलं, मोठ्या सोसायट्या, लॉनं, मार्केट आले. यांची संख्या मोजता येण्याजोगी आहे, पत्ते माहीत आहेत, आणि बिल पाठवलं तर ते पिशवी घेऊन खाली प्लॉट शोधत फिरणार नाहीत, निदान सगळे तरी नाही. लॉनवाल्याला उरलेल्या अन्नाच्या किलोमागे पैसे पडले की तोच केटररशी आणि यजमानाशी बोलायला लागेल.

"मनपाच्या हातात तरी काय आहे यातलं?"

कमाई, घरातली माणसं, ऊन, यातलं काहीच नाही. शाम्पूचं पाऊचही नाही, ते कंपनीच्या आणि केंद्राच्या नियमांच्या हातात. पण कळमन्याला पाला बाजारातच वेगळा उचलणं शक्य आहे. पोह्याच्या ठेल्यांच्या रांगेजवळ एक नळ देणं शक्य आहे. प्रत्येक वस्तीत कबाडीला माल साठवायला थोडी जागा देणं शक्य आहे, आज जागा नाही म्हणूनही तो पुठ्ठा नाकारतो. मार्च-एप्रिलमध्ये ताट्यांची आणि पानगळीची वेगळी गाडी फिरवणं शक्य आहे.

आणि सगळ्यात स्वस्त काम म्हणजे आकडे. दहाही झोनचा दर महिन्याचा कचरा वेगवेगळा, माती-मलबा वगळून, घरांचा वेगळा आणि मार्केट-हॉटेलांचा वेगळा, असा मनपानं लोकांसमोर ठेवला तर धरमपेठ झोनचा माणूस आणि आसीनगर झोनचा माणूस दोघंही आपापला आकडा पाहतील. आज एकच बाराशे टन सगळ्यांच्या नावावर आहे, म्हणून तो कोणाच्याच नावावर नाही.